ओढ्याचा माथा

आमच्या सोसायटीच्या जिन्याला गेल्या उन्हाळ्यात रंग द्यायचे ठरले, तेव्हा तळमजल्याच्या भिंतीवरची चिखलाची रेघ राखायची की पुसायची, यावरून वार्षिक सभेत बराच वेळ वाद झाला. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याचे पाणी आवारात शिरले आणि जिथवर चढले, तिथे छातीइतक्या उंचीवर ही रेघ उमटली होती. सुरुवातीला ती काळपट आणि ओली होती, वाळल्यावर मातकट झाली आणि नंतरच्या पावसाळ्यांत भिंतीला ओल धरून पोपडे सुटले तरी ओळखू येत राहिली. तळमजल्यावरच्या काकूंचे म्हणणे होते की ती तशीच राहू द्यावी, शेजारी तारीख लिहावी, नव्याने राहायला येणाऱ्याला कळावे. उलट बाजूने सांगितले गेले की घर विकायला काढले की गिऱ्हाईक पहिला प्रश्न त्या रेघेविषयीच विचारते, आणि वाईट आठवण किती वर्षे डोळ्यांसमोर ठेवायची. दोन्ही बोलण्यांत तथ्य होते. मी काकूंच्या बाजूने बोलले. आमची मते कमी पडली. पुढच्याच आठवड्यात रंगारी आले, त्यांनी पोपडे खरवडले, लांबी भरली, घासकागद मारला आणि मोतिया रंगाचे दोन हात दिल्यावर भिंत कोरी झाली.

माझ्या मनात घर करून राहिले ते मात्र सभेतले एक वाक्य. "आता मागं आरसीसीची भिंत झाली आहे, पाणी परत येणार नाही," असे एक सभासद म्हणाले आणि सभेचा कल तिथेच ठरला. हे गृहस्थ सज्जन आहेत; पुराच्या रात्री तळमजल्यावरच्या आजोबांना त्यांनीच पाठुंगळीला घेऊन वर आणले होते. पण त्या वाक्यात असे गृहीत धरले होते की ओढा आमच्या मागच्या भिंतीपाशी सुरू होतो आणि शेजारच्या सोसायटीच्या भिंतीपाशी संपतो. शहरात ओढ्याकाठी राहणाऱ्या बहुतेकांच्या मनातला ओढा एवढाच असतो, आणि मला वाटते, त्याचे आजवर जे काही झाले त्याचे मूळ इथेच आहे.

त्या रात्री पाऊस काही तासच पडला, पण तो हा ओढा जिथून निघतो त्या कात्रजच्या डोंगरावर पडला. कात्रजचा परिसर सुपासारखा आहे. तीन बाजूंनी उचललेला आणि उत्तरेकडे, म्हणजे शहराकडे, उघडा. एका हेक्टरवर 100 मिलीमीटर पाऊस पडला की 10 लाख लिटर पाणी होते, आणि या सुपात असे कितीतरी हेक्टर आहेत. आम्हाला आधी ऐकू आला तो पाण्याचा आवाज नव्हता, दगड एकमेकांवर आदळत पुढे सरकण्याचा होता. मग आवारातल्या गाड्यांचे दिवे आपोआप लागले, भोंगे वाजू लागले आणि पाणी वर चढत गेले तसे एकेक करून बंद पडले. पेट्रोल, मैलापाणी आणि ओल्या मातीचा मिसळलेला वास जिन्यात साठून राहिला होता. तो नंतर कितीतरी दिवस कपड्यांना येत होता. अरण्येश्वरच्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. शहर आणि आसपासचा भाग मिळून 20 हून अधिक जीव त्या एका रात्रीत गेले, आणि गोठ्यांत दावणीला बांधलेली जनावरे जागच्या जागी बुडाली.

याच ओढ्याची माझी पहिली आठवण अगदी वेगळी आहे. माझी आत्या पद्मावतीला राहत असे, आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुले तिच्याकडे जात असू. तेव्हा ओढ्याचे पात्र म्हणजे काळ्या खडकाची लांबच लांब फरशी होती. मध्ये मध्ये शेरणीची झुडपे, काठाला करंज आणि उंबर, एखाद्या वळणावर वाळुंज. बायका खडकावर गोधड्या धूत आणि तिथेच वाळत टाकत. दिवाळीला पाणी घोट्याएवढे असे, संक्रांतीपर्यंत ते खडकाच्या खळग्यांपुरते उरे. मग आत्या वळणावरच्या वाळूत झिरा उकरत असे. हाताने कोपरभर खोल खड्डा करायचा, आधी आलेले गढूळ पाणी वाटीने उपसून टाकायचे, पुन्हा थांबायचे, पुन्हा उपसायचे. असे चार-पाच वेळा झाले की वाळूच्या कडांतून पाणी पाझरू लागे, इतके स्वच्छ की तळाशी हललेला वाळूचा कण दिसावा. ती वाटीवाटीने कळशी भरी आणि आम्हाला त्या पाण्यात पाय घालू देत नसे. "हे डोंगराचं पाणी आहे, पिण्याचं," असे तिने बजावल्याचे मला आठवते.

आत्या म्हणत होती ते शास्त्रालाही धरून होते. आपला सह्याद्री बेसाल्टचा. त्या खडकात पाणी सहजी मुरत नाही. ते वरच्या मातीत आणि मुरमात शिरते, मग खडकाच्या भेगांतून, लाव्हारसाच्या दोन थरांमधल्या सांध्यांतून संथपणे उतरते आणि जिथे वाट मिळेल तिथे झरा होऊन बाहेर येते. पुण्याचा वर्षाचा पाऊस 700 मिलीमीटरच्या आसपास, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. पौषात ओढ्याला पाणी दिसायचे ते भाद्रपदात डोंगराने पोटात धरून ठेवलेले पाणी होते. ते धरून ठेवण्याचे काम करत होते गवत, झाडांची मुळे, मुरमाचा थर आणि उतारावरच्या शेतांच्या ताली, म्हणजे दगड रचून घातलेले बांध. यातले काहीही नकाशावर ओढा म्हणून दाखवलेले नसते, पण ओढा याच्यावरच उभा असतो.

पेशवाईतल्या माणसांना हे कळत होते, असे कात्रजच्या तलावाच्या बांधावर उभे राहिले की स्पष्ट दिसते. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास इथे ओढ्याच्या वरच्या अंगाला पाणी अडवले आणि तिथून माणूस उभा राहून चालू शकेल अशा दगडी नळाने ते आठ-नऊ किलोमीटर दूर शनिवारवाड्यापर्यंत खेळवले. वाटेत हवा खेळती राहावी म्हणून उच्छ्वास ठेवले, पेठांमध्ये हौद बांधले. त्याच काळात पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून त्यांनी तळे केले आणि जुन्या गावाच्या पश्चिम अंगाने वाहणारा हा ओढा वळवून मुठेला वरच्या बाजूला नेऊन मिळवला. त्या तळ्यातल्या बेटावर गणपती बसला, विसाव्या शतकात तळे आटवून सारसबाग झाली, हे पुण्यात सर्वांना ठाऊक आहे. मी पेशवाईचे गोडवे गाण्यासाठी हे लिहीत नाही. ओढा वळवणे हाही हस्तक्षेपच होता, आणि शहराच्या सोयीसाठी प्रवाह हलवण्याची सवय आपल्याला तेव्हापासूनची आहे. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. ज्यांनी खाली ओढा वळवला त्यांनी वर पाणी धरण्याची तजवीजही केली होती. खालचे काम आणि वरचे काम एकाच नजरेच्या टप्प्यात होते.

आपली नजर फक्त खाली आहे.

मे महिन्यातल्या एका सकाळी मी सहकारनगरच्या बाजूने पात्रात उतरले होते. खडकाची फरशी आता दिसत नाही. तिच्यावर राडारोडा आहे, फुटक्या फरशांचे तुकडे आहेत, गाद्यांचा कापूस आहे, आणि त्यातून काळ्या पाण्याची एक धार जाते जी बाराही महिने वाहते, कारण ते मैलापाणी आहे. पात्राच्या मधोमध, ओढ्याच्या दिशेनेच, मैलापाण्याची मोठी वाहिनी टाकलेली आहे आणि ठरावीक अंतरावर तिचे चेंबर कमरेइतके वर आलेले आहेत. उतार आयताच मिळतो, जागा कोणाकडून विकत घ्यावी लागत नाही, म्हणून जवळपास प्रत्येक शहरात ही वाहिनी ओढ्यातूनच नेतात. मी पाहिले त्या चेंबरचे झाकण एका बाजूने उचकटले होते आणि फटीतून थेंब थेंब गळत होते. पावसाळ्यात काय होते ते त्याच्या सिमेंटवरच दिसत होते. वरच्या बाजूला प्लास्टिकच्या पिशव्या, फांद्या आणि चिंध्यांचा घट्ट विणलेला ढीग अडकला होता. एवढासा तो कठडा पाण्याला आडवा येतो, मागे कचरा धरतो, पाणी बाजूला फेकतो, आणि वाहिनीत पावसाचे पाणी शिरले की मैला झाकण उचलून वर येतो. त्या ढिगावर एक धोबी पक्षी शेपटी हलवत किडे टिपत होता. मला तो दिसल्याचा आनंद झाला आणि तो काय खातो आहे हे पाहून जीव कळवळला. दोन्ही खरे होते.

पात्राची रुंदीही कुठे कुठे हाताने मोजावी इतकी उरली आहे. पूल जुना असला की त्याच्या कमानी रुंद असतात, नंतरच्या रस्त्यांखाली मात्र पाइप घातलेले आहेत, आणि ते पाइप उन्हाळ्यातली धार पाहून ठरवले असावेत असे वाटते. मागच्या काही वर्षांत दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या सीमाभिंती झाल्या. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांना भिंत हवी असणे अगदी स्वाभाविक आहे. मीही त्यांच्यातलीच आहे, आणि पावसाची रिपरिप वाढली की रात्री उठून मागच्या खिडकीतून खाली पाहते. परंतु भिंत पाणी कमी करत नाही, ती फक्त इथले पाणी पुढे ढकलते. सरळ केलेल्या, दोन्ही बाजूंनी बांधून काढलेल्या पात्रातून ते अधिक वेगाने जाते आणि ज्यांच्याकडे भिंत बांधण्याची ऐपत नाही त्यांच्या दारात उभे राहते. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतली घरे ओढ्याचे पात्र सरळ करण्याच्या कामासाठी जून 2021 मध्ये, पावसाळा तोंडावर असताना पाडायला घेतली, तेव्हा सामान रस्त्यावर मांडून बसलेल्या बायकांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. पुढे न्यायालयाची स्थगिती आली. पुराच्या जागेतून माणसे सुरक्षित ठिकाणी जायला हवीत, हे मला मान्य आहे. पण ओढ्याला जागा करून द्यायची वेळ आली की ती नेहमी झोपडीतूनच काढली जाते, पात्रावर स्लॅब टाकून केलेल्या वाहनतळातून नाही, हे पाहिले की त्या सुरक्षिततेच्या बोलण्यावर विश्वास बसत नाही.

महाराष्ट्रात या विषयाचे ज्ञान कमी नाही, आणि मला सर्वात जास्त बोचते ते हेच. 'माथा ते पायथा' हे शब्द आपल्या खेड्यापाड्यांतल्या माणसाला पाठ आहेत. आधी डोंगरमाथ्यावर समतल चर काढायचे, मग उतारावर गवत आणि झाडे, मग घळींत दगडांचे छोटे बांध, आणि सर्वात शेवटी खाली ओढ्यात नालाबंडिंग, म्हणजे पात्राला आडवे बांध. क्रम उलटा केला की खालचे बांध गाळाने भरतात आणि पैसा वाया जातो, हे पाणलोटाचे काम केलेला कोणताही गावकरी सांगेल. कात्रजपासून एक-दोन डोंगररांगा ओलांडल्या की पुरंदर तालुका येतो. तिथे 1972 च्या दुष्काळाने अस्वस्थ झालेले पुण्यातले अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे यांनी नायगावला सुमारे 16 हेक्टर पडीक उतार कराराने घेतला, त्यावर पाणी अडवून दाखवले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न वाटता घरातल्या माणसांच्या प्रमाणात वाटायचे, भूमिहीनांनाही वाटा द्यायचा, उसाला पाणी द्यायचे नाही, असे तिचे नियम होते. माथ्यावर कष्ट करणारा आणि पायथ्याशी पाणी मिळणारा यांच्यात न्याय असल्याशिवाय पाणलोट टिकत नाही, ही समज त्या नियमांमध्ये होती. ती पुण्याच्याच एका माणसाने पुण्याच्या वेशीबाहेर नेऊन रुजवली. वेशीच्या आत आपण अजून पायथ्यालाच भिंती बांधतो आहोत.

शहरात काम करणारी माणसे नाहीत असे मुळीच नाही. विठ्ठलवाडीजवळ मुठेच्या काठावर 'जीवितनदी' या संस्थेचे स्वयंसेवक वर्षानुवर्षे जातात, तिथले जिवंत झरे लोकांना नेऊन दाखवतात. बावधनला रामनदीच्या काठचा झरा वाचावा म्हणून रहिवासी भांडत आले आहेत. झरा पाहिलेला माणूस बदलतो. बाटलीतल्या पाण्यावर वाढलेली मुले काँक्रीटच्या शहरात खडकातून पाझरणाऱ्या पाण्याखाली ओंजळ धरतात, तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. मुळा-मुठेच्या 44 किलोमीटर लांबीच्या काठसुधारणेवर शहरात जितकी चर्चा झाली, तिच्या काही अंशाने जरी या नद्यांना मिळणाऱ्या ओढ्यांवर झाली असती, तरी बरे झाले असते. नदीचे पाणी ओढ्यांतून येते आणि नदीतला मैलाही मोठ्या प्रमाणात ओढ्यांतूनच येतो. काठावर कितीही सुंदर फरशी बसवली तरी त्यात फरक पडत नाही.

तलावाच्या वर, भिलारेवाडीच्या बाजूला मी गेले ते पहिला पाऊस होऊन गेल्यानंतर. गवत बोटभर उगवले होते आणि मुरमाच्या उतारावरून पाय घसरत होता. एका शेताच्या कडेला साठीच्या पुढचे एक गृहस्थ गुडघ्यावर बसून ताल रचत होते. मोठा दगड आधी हाताने फिरवून पाहायचा, त्याची सपाट बाजू ओळखायची, ती खाली ठेवायची, मग मागच्या पोकळीत चिपा ठोकायच्या, मातीचा एक थर, पुन्हा दगड. सिमेंट नाही, चुना नाही. पाणी दगडांच्या फटींतून गाळून जावे आणि माती मागे राहावी यासाठीच ती रचना आहे. मी विचारले, "काका, दर वर्षी रचावी लागते का?" ते म्हणाले, "आधी नव्हती लागत, ताई. आजोबांनी रचलेली, बापानं कधी हात लावला नाही. वरचं रान भावाच्या वाटणीचं. त्यानं इकलं. जेसीबीनं एका दुपारात सगळ्या ताली सपाट केल्या, प्लॉट पाडले. आता वरचं पाणी थांबतच नाही, सगळं माझ्याच रानात उतरतं." भावाविषयी त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. दोन मुलींची लग्ने होती, म्हणाले, आणि शेतीत काय उरते.

त्या उतारावर उभे राहिले की खाली शहर दिसते, आणि आमचा भाग अंदाजाने ओळखता येतो. भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी ही गावे 2021 मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली. 1997 मध्ये आलेल्या 23 गावांच्या टेकड्यांवर निदान जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण पडले होते. त्यावर किती बांधकाम होऊ द्यायचे याचे वाद वर्षानुवर्षे चालले, पण टेकडी ही काहीतरी राखण्याची गोष्ट आहे एवढे तरी कागदावर आले. टेकडीफोड मात्र कागद पाहून थांबत नाही. जून 2013 मध्ये घाटापलीकडे शिंदेवाडीजवळ फोडलेल्या डोंगरावरून आलेल्या लोंढ्यात महामार्गावरून जाणारी एक आई आणि तिची लहानगी मुलगी वाहून गेली होती. ते पाणी पलीकडच्या खोऱ्यातले, पण खोरी वेगळी असली तरी डोंगर एकच आहे आणि त्याला होणारी जखमही सारखीच आहे. त्यानंतर सहा वर्षांनी अलीकडच्या खोऱ्याची पाळी आली.

ओढा पूर्ववत करणे म्हणजे माझ्या आत्याच्या काळातला ओढा परत आणणे, अशी माझी कल्पना नाही. तो येणार नाही. त्याच्या काठावर आता लाखो माणसे राहतात आणि त्यांनाही हक्काचे घर हवे. पण मैल्याची वाहिनी पात्रातून काढून काठाने नेता येते. रस्त्याखालचे पाइप काढून रुंद कमानी करता येतात. मोकळ्या राहिलेल्या तुकड्यांवर, एखाद्या बागेच्या सखल कोपऱ्यात, ओढ्याला पसरायला जागा ठेवता येते, म्हणजे पुराचे पाणी काही तास तिथे थांबेल. तळजाईच्या आणि पर्वतीच्या उतारांवर पाणी मुरवता येते. आणि ओढ्याच्या माथ्यावर अजून ज्या ताली उभ्या आहेत, त्या उभ्या राहतील अशी व्यवस्था करता येते. हे शेवटचे काम सर्वात स्वस्त आहे आणि त्याचा विचार सर्वात कमी होतो, कारण ताल शेतकऱ्याची खासगी आणि पूर मात्र सार्वजनिक, अशी आपली विभागणी आहे. तो माणूस दगड रचतो तेव्हा त्याच्या रानातली माती राहते हे खरेच. पण माझ्या जिन्यात येणारे पाणीही तेवढ्याने कमी होते. त्याला त्याचे काही मिळत नाही. रान विकले तर मात्र एकरकमी मिळते. त्याने विकू नये असे त्याला सांगण्याचा अधिकार मला कुठून यावा?

म्हणून येत्या वार्षिक सभेसाठी मी एक लेखी विषय दिला आहे. आपल्या दुरुस्ती निधीतून दर वर्षी एक ठरावीक रक्कम बाजूला काढावी, ओढ्याकाठच्या इतर सोसायट्यांनाही तसे सुचवावे, आणि त्या पैशांतून भिलारेवाडीच्या वरच्या उतारावरच्या, ज्यांची तयारी असेल अशा शेतकऱ्यांच्या ताली दुरुस्त करून द्याव्यात, मजुरी त्यांना द्यावी. सचिवांनी पहिली शंका काढली ती नियमांची. सोसायटीच्या हद्दीबाहेर खर्च कसा दाखवायचा? शंका रास्त आहे आणि मी लेखापरीक्षकांना विचारते आहे. दुसरी शंका काकूंनी काढली. आमच्यासारख्या चार सोसायट्यांच्या पैशाने एवढ्या मोठ्या डोंगराचे काय होणार, महापालिकेने करायचे काम आहे हे. तेही खरे आहे. महापालिकेकडे तसा अर्जही करायचा आहे, आणि त्यावर जितक्या सह्या होतील तितक्या हव्या आहेत. पण पुढचा पावसाळा अर्जाच्या उत्तरासाठी थांबणार नाही. काकांच्या शेताच्या खालच्या बाजूला अजून तीन ताली पडायला आलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि दगड तिथेच पडलेला आहे. फक्त माणसे आणि मजुरी हवी.

काकूंनी सही केली आहे. बाकीच्यांकडे मी या आठवड्यात जाते आहे.